रिमूव्ह, डिलीट की अनलिंक? 'काढणे'साठी नेमकं इंग्रजी क्रियापद हवंय

मॅन्युअलकार

नमस्कार मंडळी, दोन दिवस एका शब्दावर अडकलेय म्हणून धागा काढतेय.

मी एका बॅकअप सॉफ्टवेअरचं इंग्रजी मॅन्युअल लिहिते. त्यात एक पान आहे, अकाउंटला जोडलेलं डिव्हाइस कसं काढायचं त्यावर. म्हणजे जुना फोन कुणाला देऊन टाकला, लॅपटॉप बदलला, तर तो यादीतून काढायचा, बस एवढंच. काढला की त्याचा नवीन बॅकअप घेणं थांबतं, सर्व्हरवर आधीच गेलेला बॅकअप ९० दिवस राहतो, आणि डिव्हाइसमधल्या फाइल्सना तर कुणी हातही लावत नाही.

आधी मी सगळीकडे रिमूव्ह लिहिलं होतं. रिव्ह्यूमध्ये शेरा आला की एका पानावर ११ वेळा तोच शब्द आलाय, कंटाळवाणं वाटतं, जरा वेगवेगळे शब्द वापर. मग मी समानार्थी शब्दांच्या साइटवर बसून हेडिंगला रिमूव्ह ठेवलं, पायऱ्यांमध्ये डिलीट केलं, एका ठिकाणी इरेज आणि खालच्या टिपेत एलिमिनेट. वाचताना मलाच छान वाटत होतं.

काल ते पान एका वापरकर्तीसमोर ठेवलं. दोन पायऱ्या तिने पटापट केल्या, तिसरीवर आली, वाचलं, आणि माउसवरचा हात उचलून मांडीवर घेतला. म्हणाली, हे दाबलं तर माझे फोटो जाणार का? मी नाही म्हटलं तर ती म्हणे, मग इथे इरेज का लिहिलंय?

बरं वाटेना मला तेव्हापासून, कारण ते पान लिहिलंच मुळात ही भीती घालवायला होतं. तर प्रश्न असा की डिव्हाइस अकाउंटपासून वेगळं करणं पण त्यावरचं काहीही न पुसणं, याला बरोबर इंग्रजी क्रियापद कोणतं? माझ्या यादीत सध्या आहेत रिमूव्ह, अनलिंक, डिटॅच, डिस्कनेक्ट, अनपेअर, डीरजिस्टर. तुम्ही काय वापराल आणि का, ते सविस्तर लिहा प्लीज.

टर्मिनलवाला

आधी ते डिलीट आणि इरेज आजच्या आज बदला, बाकीचं नंतर बघू.

आमच्या कामात हे शब्द चुकून चालतच नाहीत, कारण चुकीचा लिहिला तर मशीन तेच करून मोकळं होतं. एसक्यूएल बघा, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा. डिलीट म्हणजे टेबलातल्या ओळी जातात, अट घातली तर तेवढ्याच. ट्रंकेट म्हणजे टेबल आख्खं रिकामं होतं पण सांगाडा राहतो. ड्रॉप म्हणजे टेबलच गेलं, सांगाड्यासकट. आणि कुणाचा अधिकार काढून घ्यायचा असेल तर तिथे यातलं एकही चालत नाही, तिथे रिव्होक. मराठीत चारही ठिकाणी आपण 'काढलं' म्हणू.

तुमच्या केससारखीच गोष्ट गिटमध्ये पण आहे, म्हणजे फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात. आरएम कमांड नुसती दिली तर फाइल गिटच्या नोंदीतूनही जाते आणि फोल्डरमधूनही, पण सोबत कॅश्ड हा पर्याय दिला तर फक्त नोंदीतून जाते, फाइल जागेवर राहते. तुमचं डिव्हाइस या दुसऱ्या प्रकारातलं आहे, नोंद जाते आणि वस्तू राहते.

माझं मत अनलिंकला. फोन आणि अकाउंटमधला दुवा तोडला, दोन्ही बाजू शाबूत.

जुनी_संपादक

टर्मिनलवाला, डिलीट आणि इरेजबद्दल अनुमोदन. पण ताईंच्या रिव्ह्यूवाल्या शेऱ्यावर आधी बोलायला हवं, कारण सगळं तिथून बिघडलंय.

शाळेत निबंध लिहिताना आपल्या सगळ्यांना शिकवलेलं असतं की तोच शब्द पुन्हा पुन्हा आला की भाषा गरीब वाटते. निबंधाला ते ठीक असेल, सूचनांना अजिबात नाही. सूचना वाचणारा माणूस शब्द बदलला की वस्तू बदलली असंच धरून चालतो आणि त्याने तसंच धरावं. तुमच्या वापरकर्तीने काहीही चूक केली नाही, तिने तुमचं लिखाण मन लावून वाचलं.

इंग्रजीतल्या जाणकारांनी पण हे फार आधी सांगितलंय. हेन्री फाउलर यांनी 'एलिगंट व्हेरिएशन' असं नाव दिलं होतं या सवयीला, १९२६ च्या त्यांच्या शब्दवापराच्या कोशात त्यावर चांगली लांब नोंद आहे, आणि नावात एलिगंट असलं तरी ती तक्रार आहे, कौतुक नाही. एकाच गोष्टीला उगाच तीन नावं दिली की वाचक तीन गोष्टी शोधत बसतो.

तेव्हा ११ वेळा रिमूव्ह आलं तर येऊ दे. शब्द कोणता ते ठरवा आणि मग पानभर तोच ठेवा. रिव्ह्यू करणाऱ्यांना हे समजावून सांगणं हा पण आपल्या कामाचा भाग आहे.

नवा_सभासद

मी नुकताच या क्षेत्रात आलोय म्हणून विचारतो, मग समानार्थी शब्दांचे कोश वापरायचेच नाहीत का? मी तर रोज उघडतो.

जुनी_संपादक

वापरा की, पण कशासाठी ते कळून वापरा. रोझे यांचा प्रसिद्ध कोश १८५२ मध्ये आला तेव्हा तो शब्दांच्या अकारविल्हे यादीसारखा नव्हताच, कल्पनांप्रमाणे लावलेला होता, म्हणजे डोक्यात कल्पना आहे आणि शब्द जिभेवर येत नाही अशा माणसासाठी. माहीत असलेला शब्द तो आठवून देतो. दोन शब्दांमधला फरक मात्र तो सांगत नाही, त्यासाठी साधा अर्थाचा कोश, आणि त्याहून चांगलं म्हणजे त्याच क्षेत्रातली दोन-चार चांगली मॅन्युअल्स उघडून बघणं.

सर्किटवाला

माझा अनुभव लिहितो, विषय हार्डवेअरचा आहे पण मुद्दा तोच.

एका बोर्डाच्या टेस्ट प्रोसिजरमध्ये मी लिहिलं होतं की रीसेट पिन 'टर्न ऑन' करा. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिप बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात, शब्द होता असर्ट. मला वाटलं असर्ट जरा जड आहे, नवीन पोरांना कळणार नाही, सोपा शब्द घालू. तो पिन ऍक्टिव्ह-लो होता, म्हणजे त्याच्यावर शून्य व्होल्ट आले की रीसेट होतो. आमच्या नवीन इंजिनिअरने टर्न ऑन वाचलं आणि साहजिकच पिनला ३.३ व्होल्ट दिले. तो पिन आधीपासूनच ३.३ वर होता. व्होल्टेज दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर रेघ सरळ, बोर्ड आपलं काम करतोय, रीसेट काही होत नाही, आणि त्याने अर्धा दिवस वायरी आणि सोल्डरिंग तपासण्यात घालवला.

असर्टचा अर्थ इतकाच की सिग्नल त्याच्या सक्रिय अवस्थेत न्या, मग ती अवस्था वरची असो की खालची. त्याच्या उलट डीअसर्ट. तो शब्द त्या क्षेत्राने एवढ्याचसाठी घडवलाय की व्होल्टेज आणि अर्थ वेगळे राहावेत. मी सोपा करायला गेलो आणि नेमका तो फरकच पुसून टाकला. तेव्हापासून मी क्षेत्रातला ठरलेला शब्द बदलत नाही, फार तर पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात समजावतो.

तुमच्या यादीतून डिस्कनेक्ट काढा. डिस्कनेक्ट वाचलं की लोक केबल उपसतात किंवा वायफाय बंद करतात, आणि त्याने तात्पुरतं तुटलं असं वाटतं, परत नेटवर्क आलं की आपोआप जोडलं जाईल असं. अनपेअर पण नको, तो ब्लूटूथचा शब्द झालाय.

पानापिन

सर्किटवाला +१.

माझं काम मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअल्सचं. आमच्याकडे सगळ्यात घातक क्रियापद आहे रिप्लेस. "झाकण काढा, तेल भरा, झाकण रिप्लेस करा." आता तेच झाकण परत लावायचं की नवीन टाकायचं? इंग्रजीत दोन्ही अर्थ बरोबर आहेत. झाकणाच्या बाबतीत फार तर कुणी विनाकारण नवीन झाकण शोधेल, पण गॅस्केट (दोन भागांमधली गळती रोखणारी चकती) किंवा एकदाच वापरायच्या बोल्टच्या बाबतीत जुनंच परत लावलं तर गळती होते नाहीतर त्याहून वाईट. ब्रिटिश मॅन्युअल्समध्ये म्हणून तोच भाग परत लावायचा असेल तर रीफिट आणि नवीन लावायचा असेल तर रिन्यू असे दोन वेगळे शब्द ठेवलेले दिसतात. मी सरळ लिहितो की नवीन गॅस्केट इन्स्टॉल करा, जुनं वापरू नका.

आणि बघा, मराठीत हा घोळ होतच नाही. 'परत लावा' आणि 'बदला'. इथे आपली भाषा जास्त नेमकी आहे.

विमानांच्या देखभालीसाठी तर यावर आख्खी नियंत्रित इंग्रजी बनवलीय, हल्ली तिला एएसडी-एसटीई१०० म्हणतात, सुरुवात १९८० च्या दशकात युरोपातल्या विमान उद्योगाने केली. कारण सरळ आहे, देखभाल करणाऱ्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्यात एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. स्टार्ट घेतला तर बिगिन, कमेन्स, इनिशिएट हे सगळे बाहेर. फॉलो म्हणजे फक्त मागून येणे, 'सूचना पाळणे' या अर्थाने चालत नाही. क्लोज हे फक्त क्रियापद, 'जवळ' या अर्थाने लिहायचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार जाचक वाटलं होतं, आता त्याच्याशिवाय लिहवत नाही.

मॅन्युअलकार

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. रिव्ह्यूवाला मुद्दा पटला, शब्द एकच ठेवणार. पण कोणता ते अजून ठरत नाहीये. अनलिंक मला आवडलं होतं, टर्मिनलवाल्यांचं म्हणणं पटतंय की दुवा तोडला.

मोजमाप

अनलिंकबद्दल एक सावधगिरी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये फाइल डिलीट करणाऱ्या सिस्टम कॉलचं, म्हणजे प्रोग्रॅमने सिस्टमला द्यायच्या आज्ञेचं, नावच अनलिंक आहे. तो फाइलचं नाव डिरेक्टरीतून काढतो, आणि त्या फाइलला दुसरं नाव नसेल आणि कुठल्या प्रोग्रॅमने ती उघडून ठेवलेली नसेल तर मजकुराची जागा पण मोकळी होते. म्हणजे तांत्रिक वाचकाला अनलिंक वाचून नेमकं 'डेटा गेला' असं वाटू शकतं.

आणि सामान्य वाचकाच्या बाजूने बघितलं तर लिंक म्हणजे त्याच्यासाठी वेबपेजवर क्लिक करायची जागा.

माझ्या क्षेत्रातलं एक सांगतो. आम्ही कॅलिब्रेट हा शब्द रोज वापरतो आणि बाहेरचे लोक रोज चुकीचा वापरतात. लोकांना वाटतं कॅलिब्रेट म्हणजे उपकरण दुरुस्त करून बरोबर आकड्यावर आणणं. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दकोशात, ज्याला आम्ही व्हीआयएम म्हणतो, स्पष्ट टीप आहे की कॅलिब्रेशन आणि ऍडजस्टमेंट यांची गल्लत करू नका. कॅलिब्रेट म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून उपकरण किती चुकतंय ते शोधणं आणि त्याची अनिश्चितता किती ते सांगणं. स्क्रू फिरवून चूक कमी करणं ते ऍडजस्ट. कॅलिब्रेट करून आणलेलं उपकरण पूर्वीइतकंच चुकत असू शकतं, फक्त आता आपल्याला किती चुकतंय ते माहीत आहे. हा फरक मॅन्युअलमध्ये मोडला की माणूस चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

तुमच्या विषयाला जवळचं म्हणजे एनआयएसटी या अमेरिकन मानकसंस्थेचं ८००-८८ हे मार्गदर्शक. डिस्कवरची माहिती नष्ट करण्याबद्दल आहे आणि तिथे तीन क्रियापदं व्याख्या करून ठेवलीत: क्लिअर, पर्ज, डिस्ट्रॉय. क्लिअर केलं की साध्या साधनांनी माहिती परत मिळत नाही, पर्ज केलं की प्रयोगशाळेतल्या प्रगत तंत्रानेही नाही, डिस्ट्रॉय केलं की वर डिस्कही पुन्हा वापरता येत नाही. तिघांना मिळून सॅनिटाइझ. साध्या कोशात हे शब्द एकमेकांच्या शेजारी बसतील, इथे त्यांच्यात पायऱ्या आहेत.

टर्मिनलवाला

मोजमाप, मान्य. सिस्टम कॉल मी स्वतः रोज वापरतो आणि तरी लक्षात आलं नाही. अनलिंकचं माझं मत मागे घेतो.

एक भर घालतो. काही ठिकाणी समानार्थी शब्द चालतात, पण तिथे ते आधी जाहीर केलेले असतात. इंटरनेटच्या मानकांसाठी आरएफसी २११९ आहे, मार्च १९९७ चा, त्यात लिहूनच टाकलंय की मस्ट, शल आणि रिक्वायर्ड यांचा अर्थ एकच, शुड आणि रेकमेंडेड यांचा एकच. तरी लोक गोंधळायचे की साध्या वाक्यात सहज आलेला मस्ट पण बंधनकारक का, म्हणून २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ काढून सांगावं लागलं की कॅपिटलमध्ये असेल तरच तो खास अर्थ.

आणि उलटं पण होतं, एकाच क्रियापदावर जास्त ओझं. गिटचं चेकआउट ब्रँच (कामाची वेगळी शाखा) पण बदलायचं आणि फाइलमधले बदल पण फेकून द्यायचं. माझ्या डोळ्यासमोर लोकांचं काम गेलंय त्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत त्याच्यासाठी स्विच आणि रिस्टोअर अशा दोन वेगळ्या कमांड आल्या तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

नवा_सभासद

हे सगळं वाचून थोडी धास्ती वाटतेय. एका शब्दाने खरंच इतकं बिघडतं का?

पानापिन

बिघडतं. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. दाट धुकं, रेडिओवर एकाच वेळी दोघे बोलल्यामुळे दबलेले संदेश, घाई, कारणं बरीच होती. पण त्यात टेकऑफ हा शब्द पण होता. उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी देताना कंट्रोलरच्या वाक्यात तो आला, आणि विमानाकडून जे उत्तर गेलं त्यातून विमान उड्डाणासाठी थांबलंय की निघालंय ते कळलं नाही. त्यानंतर नियम घट्ट झाले. टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, बाकी सगळीकडे डिपार्चर. दोन समानार्थी शब्द होते, एक मुद्दाम राखून ठेवला.

जुनी_संपादक

पानापिन, हे लिहिलंत ते बरं केलंत.

आता मूळ प्रश्न. मी स्वतः कसा शब्द शोधते ते सांगते, कदाचित उपयोगी पडेल. आपल्या डोक्यात मराठी 'काढणे' असतं आणि ते फार मोठं पोतं आहे, दात काढणे, फोटो काढणे, पैसे काढणे, धागा काढणे, सगळं त्यात. त्या पोत्यावरून थेट इंग्रजीत उडी मारली की हाताला जो शब्द लागेल तो येतो. म्हणून मी आधी मराठीतच नेमका शब्द शोधते. पुसलं का? खोडलं? उपटलं? सोडवलं? वगळलं? उपसलं? पुसलं असेल तर इरेज. यादीतून वगळलं तर एक्स्क्लूड. एकमेकांत अडकलेलं सोडवलं तर डिटॅच. टाकीतलं उपसलं तर ड्रेन किंवा पंप आउट. वायरवरचं आवरण सोललं तर स्ट्रिप, इलेक्ट्रिशियन पण वायर 'सोलतो' असंच म्हणतो. मराठी शब्द नेमका झाला की इंग्रजी शब्द बहुतेक वेळा आपणहून येतो.

'तपासणे'चं पण तेच. पडताळलं तर व्हेरिफाय, म्हणजे लिहून ठेवलेल्या अटींशी जुळवून बघितलं. ज्या कामासाठी बनवलंय त्या कामाला ते उतरतं का हे पारखलं तर व्हॅलिडेट. नुसतं डोळ्यांनी नीट निरखलं तर इन्स्पेक्ट.

ताई, तुमचं डिव्हाइस यातलं काय होतंय सांगा बरं.

मॅन्युअलकार

थोडा वेळ विचार केला. पुसत नाही, खोडत नाही. डिटॅच म्हणावं तर डिव्हाइस कशाला चिकटलेलं नाहीये. यादीतून कमी करतोय, असं मनात येतंय.

मोजमाप

मग दुसऱ्या टोकाने बघा. ते डिव्हाइस यादीत आलं तेव्हा काय क्रिया झाली होती? तुमच्या सॉफ्टवेअरच्या बटणावर काय लिहिलंय?

डिलीटच्या उलट क्रिएट. डिटॅचच्या उलट अटॅच, डीरजिस्टरच्या उलट रजिस्टर. आत येताना जे क्रियापद होतं त्याचीच जोडी बाहेर जाताना हवी.

मॅन्युअलकार

ऍड डिव्हाइस!

म्हणजे रिमूव्हच. फोन कुणी सॉफ्टवेअरमध्ये क्रिएट केलेला नसतो, तो ऍड केलेला असतो, म्हणून तो डिलीट होऊच शकत नाही. दोन दिवस मी सहा शब्द घेऊन बसले होते आणि बटणाकडे बघितलंच नाही.

जुनी_संपादक

अगदी बरोबर. मायक्रोसॉफ्टच्या स्टाइल गाइडमध्ये पण डिलीट आणि रिमूव्ह एकमेकांच्या जागी वापरू नका असंच आहे. फक्त एक करा, रिमूव्ह कशातून ते प्रत्येक वेळी लिहा. नुसतं 'रिमूव्ह द डिव्हाइस' नको, 'फ्रॉम युवर अकाउंट' हवंच. रिमूव्ह या क्रियापदाला 'कुठून' हे लागतं, ते नसलं की वाचक स्वतःच्या भीतीने ती जागा भरतो.

आणि काय राहतं ते बटण दाबायच्या आधीच्या वाक्यात सांगा, खालच्या टिपेत नको. टिपेपर्यंत घाबरलेला माणूस पोचत नाही.

मॅन्युअलकार

धाग्यावर परत आले, आज पान बदललं. मराठीत सांगते काय लिहिलंय ते. हेडिंगला 'अकाउंटमधून डिव्हाइस रिमूव्ह करणे'. लगेच खाली तीन छोटी वाक्यं: डिव्हाइसवरच्या फाइल्स तशाच राहतात. आधी घेतलेला बॅकअप ९० दिवस राहतो. नवीन बॅकअप घेणं थांबतं. मग पायऱ्या, प्रत्येक ठिकाणी रिमूव्ह. डिलीट हा शब्द आता पानावर फक्त एकदा येतो, ९० दिवसांनी सर्व्हरवरचा बॅकअप खरोखर नष्ट होतो त्या वाक्यात, कारण तिथे तोच अर्थ आहे. रिमूव्ह मोजले, १३ झालेत.

रिव्ह्यू करणाऱ्यांना माउसवरून हात उचलल्याचा प्रसंग सांगितला, त्यांनी शेरा मागे घेतला. दुपारी त्याच वापरकर्तीला पान पुन्हा दाखवलं, ती तिसऱ्या पायरीवर थांबली नाही.

एक गोष्ट मात्र आत्ता सापडली. फोनच्या ऍपमध्ये हेच बटण 'डिस्कनेक्ट' म्हणून आहे. उद्या डेव्हलपरशी बोलायचंय, सर्किटवाल्यांचा केबलवाला मुद्दा घेऊन जाते.